अंदाज दोन, रान एक

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय छत्तीस. आठ एकर कोरडवाहू रान, त्यातलं पाच एकर भारी आणि तीन एकर माळाकडचं हलकं. पती चाकणला गाडीवर आहेत, महिन्यातून एकदा गावी येतात. सासरे थकले, म्हणून तीन वर्षांपासून शेतीचं सगळं ताईच बघतात. 2025 मध्ये मे महिन्यातच जोराचा पाऊस झाला, मान्सूनही लवकर आला. ताईंनी 2 जूनला आठही एकरांत सोयाबीन पेरलं आणि पाऊस थांबला. निम्मंही उगवलं नाही. बचत गटातून पैसे उचलून दुबार पेरणी केली, एकरी सहा हजारांच्या आसपास खर्च दुसऱ्यांदा आला. शेजारच्यांनी थांबून पेरलं होतं. त्यांचं पीक डोळ्यांत भरण्यासारखं आलं, पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत तेही पाण्याखाली गेलं. तरी घरात बोल लागतो तो ताईंनाच. यंदा एक पाऊस होऊन गेलाय, साधारण तीस मिलिमीटरचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक अंदाज सांगतो, आठ दिवसांत धो धो. हवामान खातं म्हणतं, तुरळक ठिकाणी. मामा म्हणतात मृग साधा, दीर म्हणतात थांबा. ताई विचारतात: "खरा अंदाज कुणाचा धरू? पुन्हा चुकले तर मला कुणी रानात उभं राहू देणार नाही. त्यापेक्षा सगळं भाऊजींवर सोपवू का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "पुन्हा चुकले तर" या शब्दांशी थांबले. पावसाचं बोलण्याआधी त्या "पुन्हा"चं बोलू.

गेल्या वर्षी तुम्ही चुकलात हे तुम्ही धरूनच चालला आहात. घरचेही तसंच धरून चालले आहेत. पण तुमच्याच पत्रातल्या शेजाऱ्यांकडे बघा. ते थांबले, वेळेवर पेरलं, निंदणी-फवारणी सगळं नीट केलं आणि काढणीच्या तोंडावर पीक पाण्यात गेलं. त्यांचा निर्णय चुकला असं कुणी म्हणेल का? कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. आणि असाही एखादा गडी तुमच्या गावात असेल, ज्यानं एखाद्या साली कोरड्या मातीत धूळपेरणी केली, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि तो अजून पारावर शहाणा ठरतो. निर्णय बरा की वाईट हे शेवटी पीक किती आलं यावरून ठरवलं, तर पावसाचं श्रेय माणसाला जातं आणि पावसाचा दोषही माणसाच्या माथी बसतो. निर्णय तोलायचा तो घेण्याच्या दिवशी हातात काय होतं यावर.

त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं? मेच्या पावसानं ओली झालेली जमीन आणि मान्सून आल्याची बातमी. दोन्ही खरं होतं. तो पाऊस पुढं जूनच्या मध्यापर्यंत अडखळून बसेल हे 2 जूनला तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. घाई करू नका असं कृषी विभाग सांगत होता हेही खरं, पण पायाखाली ओल दिसत असताना ते ऐकणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. म्हणून पाऊस थांबला हे मी तुमच्या खात्यात मांडणार नाही. दोन गोष्टी मात्र मांडीन, कारण त्या तुमच्या हातात होत्या. आठही एकर एकाच दिवशी पेरलेत आणि दुबारसाठी बियाणं, पैसा काहीच मागे ठेवलं नव्हतंत. या दोन्ही गोष्टी यंदा बदलता येतात.

आता अंदाजांचं. "खरा अंदाज कुणाचा" या प्रश्नात असं गृहीत आहे की दोघांपैकी एक खरं सांगतोय आणि दुसरा खोटं. तुम्ही लिहिलेल्या दोन वाक्यांत तसं भांडण नाही. हवामान खात्याच्या भाषेत प्रत्येक शब्दाला माप असतं. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे पावापासून निम्म्यापर्यंत. त्यापुढचे शब्द आले, म्हणजे "बऱ्याच ठिकाणी" किंवा "बहुतांश ठिकाणी", तर निम्म्याहून जास्त. तेव्हा तुरळक म्हटलं असताना चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच निघतो, आणि चौथ्या गावात नाल्याला पूर आला तरीही बरोबरच. तुमचं गाव कुठलं, हे तो शब्द सांगतच नाही. आपण मात्र तो आपल्या बांधापुरता वाचतो आणि मग खात्याला बोल लावतो.

व्हॉट्सअॅपवरचा तो संदेश कुणाचा आहे मला माहीत नाही, म्हणून त्या माणसाबद्दल बोलत नाही. एवढंच सांगते, की तारखेसकट, तालुक्यासकट "नक्की पडणार" असं जो सांगतो, त्याचे मागचे दहा संदेश काढून बघा. किती खरे ठरले ते मोजा. आपल्याला खरा ठरलेला लक्षात राहतो, बाकीचे पुसले जातात. पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. आठवड्यापलीकडे तो पातळ होत जातो. दोन ते चार आठवड्यांचा कल हवामान खातं दर गुरुवारी देतं, त्यातून "पाऊसमान वाढेल की उघडीप राहील" एवढंच घ्यायचं, दिवस घ्यायचा नाही. एप्रिल-मेमध्ये येणारा देशाचा टक्केवारीचा अंदाज तर पेरणीसाठी वापरायचाच नाही. देशाची सरासरी भरली तरी आपल्या रानावर बावीस दिवसांचा खंड पडू शकतो. 2023 मध्ये हंगाम सरासरीच्या 94 टक्के झाला. आकडा ऐकून वाटतं, सहाच टक्के तर कमी. पण त्याच हंगामातला ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि ऐन फुलोऱ्यात सोयाबीन वाळताना तुम्ही स्वतः पाहिलं असेल.

आणि मामा. मृग साधा म्हणतात त्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. मृग निघतो 7-8 जूनला, आणि त्याच सुमारास पाऊस आपल्याकडे पोचतो हे लोकांनी शेकडो वर्षं बघून ठरवलं. पण ते पुष्कळ वर्षांचं मिळून सांगणं आहे, या वर्षाचं नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना विचारा, "मामा, मृगात पेरायचं, पण किती ओल असली म्हणजे तुम्ही तिफण काढायचा?" त्यांचं उत्तर तुमच्या उपयोगाचं असेल, कारण त्यांच्या काळात कुणी मोबाइल बघून पेरत नव्हतं.

माझं एक सांगते. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, गावोगाव फिरायचे. जूनमध्ये एका वस्तीवर एका काकांनी विचारलं, "मॅडम, पेरू का?" आभाळ भरलेलं होतं, सकाळच्या बातम्यांत पाऊस होता, आणि "मला माहीत नाही" असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "पेरा." पुढे तीन आठवडे थेंब नाही. महिन्यानं मी भीत भीत त्या वस्तीवर गेले. काका एक शब्द वाकडा बोलले नाहीत. चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही तर चांगलंच सांगितलं होतं." ते वाक्य मला अजून टोचतं. त्या दिवशी मी त्यांना पावसाबद्दलचं माझं मत दिलं होतं. त्यांच्या जमिनीत ओल किती आहे, बियाणं उलटलं तर दुसरं आहे का, हे विचारलंही नव्हतं. त्यानंतर "पेरा" हा शब्द मी कधी एकटा उच्चारला नाही.

म्हणून तुम्हालाही आधी तेच विचारते. आभाळात काय होणार हे दोन्ही अंदाजवाल्यांना नक्की माहीत नाही, पण मातीत काय आहे हे आज कळू शकतं.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, ही कृषी विद्यापीठांची शिफारस तुम्ही ऐकलेली असेल. तिच्यामागचं कारण फार कमी वेळा सांगितलं जातं. सोयाबीनच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी प्यावं लागतं. वरची दोन बोटं ओली असली की दाणा पाणी प्यायला लागतो, फुगतो, मोड डोकावतो. मग ऊन पडलं आणि खाली ओल नसली की तो अर्ध्यावर सुकतो. एकदा मोडाला लागलेला दाणा सुकला की संपला, पुढच्या पावसानं उठत नाही. ज्वारी-बाजरी थोडं सोसतात, सोयाबीन सोसत नाही. कोरड्या मातीत पडून राहिलेल्या दाण्यापेक्षा अर्धवट ओलीतला दाणा जास्त धोक्यात असतो. तीस मिलिमीटर नेमकं हेच करतं. त्यातून उन्हाळ्यात तापलेल्या भारी रानाला भेगा असतात, पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: ओलीला ओल भिडली का? वरून उतरलेली ओल खालच्या ओलीला मिळाली का, ते बघायचं. उद्या सकाळी खुरपं घेऊन जा. भारी रानात तीन-चार ठिकाणी आणि माळाकडे तीन-चार ठिकाणी वीतभर खणा. मधे कोरडा थर लागला तर अंदाज कुणाचाही असो, पेरायचं नाही. ओल सलग लागली तर वीतभर खालची माती मुठीत घेऊन लाडू वळा. वळलाच नाही, भुगा झाला, तर ओल कमी. बोटांना चिखल चिकटला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नाही. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, की वापसा आहे. हे बघताना मामांना सोबत न्या, त्यांच्या बोटांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पाऊसही स्वतः मोजा. महसूल मंडळाचं पाऊस मोजणारं केंद्र चार-पाच कोसांवर असतं, तिथला आकडा तुमच्या रानाचा नसतो. सरळ उभ्या कडांचा, बुड सपाट असलेला डबा घ्या. झाडाच्या आणि पत्र्याच्या लांब, मोकळ्यात ठेवा. सकाळी मुलांच्या पट्टीनं आतलं पाणी मोजा आणि ओतून द्या. जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. 75 मिलिमीटर म्हणजे एका एकरावर तीन लाख लिटर पाणी. हा आकडा मनात ठेवला की सडा पडल्यासारख्या पावसानं जीव हुरळत नाही.

आता हिशेब. तुम्ही लिहिलंय, पेरणी वाया गेली की एकरी सहा हजार जातात. थांबण्याचाही तोटा असतो. उशिरा पेरलं की उतारा घटतो. समजा दहा दिवस थांबल्यामुळे एकरी चार हजारांचं पीक कमी आलं. हा आकडा माझा मानलेला आहे, तुम्ही तुमच्या मागच्या अनुभवानं बदला. समजा असाच अवघड प्रसंग दहा वेळा आला आणि त्यातल्या सहा वेळा पेरणीनंतर पाऊस लागून राहिला. म्हणजे थांबल्यामुळे सहा वेळा चार हजार गेले, चोवीस हजार. चार वेळा पाऊस दडला, पेरल्यामुळे चार वेळा सहा हजार गेले, तेही चोवीस हजार. बरोबरी झाली. अर्थ असा, की तुमच्या आकड्यांनी पेरायचं असेल तर दहातल्या सहाहून जास्त वेळा पाऊस येईल असं वाटलं पाहिजे. "येईल की नाही" ठरवायचंच नाही, सहाच्या वर की खाली एवढंच. "तुरळक ठिकाणी" त्या रेषेच्या बरंच खाली आहे.

पण ताई, दोन्हीकडचे चोवीस हजार सारखे नसतात. उतारा घटला तर आलेलं कमी येतं, त्यात घर चालतं. बियाणं गेलं तर गटाचा हप्ता डोक्यावर बसतो. ज्याच्याकडे दुसऱ्या पेरणीचं बियाणं नाही त्यानं सहावर थांबू नये, सात-आठ वेळांची खात्री मागावी. एखाद्या शेजाऱ्याच्या घरी पगार येत असेल आणि तो धोका पत्करत असेल, तर ते त्याच्यासाठी बरोबर असू शकतं आणि तुमच्यासाठी नाही. एकाच आभाळाखाली दोन घरांचे बरोबर निर्णय वेगळे असतात.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर आजच्या तीस मिलिमीटरवर काहीच पेरलं नसतं. डब्यात बेरीज 75 च्या वर गेली आणि वीतभर ओल सलग लागली की आधी भारी पाच एकरांतलं तीन एकर पेरलं असतं, कारण भारी रान ओल धरून ठेवतं आणि आठवडाभराची उघडीप सोसतं. उरलेलं चार-सहा दिवसांनी, पुढच्या अंदाजाचा रंग बघून. माळाकडचे तीन एकर सगळ्यात शेवटी, आणि तिथं निव्वळ सोयाबीन न घेता तूर आंतरपीक. तूर मूळ खोल सोडते, खंडात तग धरते. गावात बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणारं पेरणी यंत्र मिळत असेल तर भारी रानात रुंद वरंब्यावर पेरा. खंड पडला तर सरीत ओल राहते आणि गेल्या सप्टेंबरसारखा पाऊस आला तर जादा पाणी सरीतून निघून जातं, दोन्ही बाजूंनी उपयोग. बी तीन-चार सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

थांबायचं ठरवलं तर कुठवर, हेही आजच लिहून ठेवा. नाहीतर थांबणंच अंगवळणी पडतं आणि तोही निर्णयच असतो, फक्त न ठरवता झालेला. जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा विचार सोडायचा. 15 जुलैपर्यंत सोयाबीनला वाव आहे, त्यानंतर बाजरी, सूर्यफूल, तूर यांकडे वळायचं. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या की रोज सकाळी आभाळाकडे बघून जीव टांगणीला लागत नाही.

विम्याबद्दल थोडंच. एक रुपयात विमा ही सोय 2025 च्या खरिपापासून गेली, आता खरिपातल्या सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरतो. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून हप्ता भरतानाच विचारून घ्या की भरपाई कशावर मिळणार. भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर निघणार असेल, तर एकट्या तुमच्या रानातल्या दुबार पेरणीला त्याचा आधार नाही. हप्ता भरा, पण विमा आहे म्हणून लवकर पेरू नका.

राहिला प्रश्न भाऊजींवर सोपवण्याचा. ते तुमच्याहून जास्त जाणतात म्हणून सोपवत असाल तर जरूर सोपवा, त्यात कमीपणा नाही. पण पत्रात तसं कुठं दिसलं नाही. बोल दुसऱ्याला लागावा म्हणून सोपवताय असं मला वाटलं, आणि त्यानं बोल थांबत नाही. पीक बुडालं तर घर तुमचंच बुडतं, आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही आहात तिथंच उभ्या असाल, एका वर्षाचा अनुभव कमी घेऊन.

त्यापेक्षा पेरणीच्या आधी सगळ्यांना एकदा बसवा. रविवारी पतींना फोनवर घ्या. मामा, भाऊजी, तुम्ही. "पेरू का" हे विचारू नका, त्यानं पुन्हा दोन बाजू पडतील. विचारा, "डब्यात किती झाल्यावर पेरायचं? आधी कुठलं रान? उगवलं नाही तर दुसरं बियाणं कुठून?" उत्तरं एका वहीत लिहा, तारीख घाला, ज्या दिवशी पेराल त्या दिवशी ओल किती होती, अंदाज काय होता, कोण काय म्हणालं तेही लिहा. दिवाळीत कुणी म्हणालं "मी तेव्हाच सांगत होतो", तर वही उघडता येते. कुणाला खाली पाडायला नाही. माणूस खरंच विसरतो की तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

असंच एक पत्र मागे कांद्याच्या चाळीबद्दल आलं होतं: आज विकू की भाव वाढायची वाट बघू? त्यांनाही हेच लागू आहे. भाव कुणाला कळत नाही, पण चाळीत रोज किती सडतोय हे हातानं कळतं, आणि सगळा माल एकाच दिवशी विकलाच पाहिजे अशी सक्ती कुणी केलेली नाही. एक भाग घरखर्चापुरता आज, एक पुढच्या महिन्यात, आणि सड इतकी वाढली की उरलेला विकायचा हे आधीच ठरवून.

तुमची मुलगी सातवीत आहे असं लिहिलंत, तिला या कामात घ्या. गेल्या साली घरी राखलेलं बियाणं असेल तर पावसाची वाट बघतानाच त्याची उगवण तपासून होईल. सोयाबीनचं बियाणं सरळ वाणाचं असतं, प्रमाणित बियाण्यापासून आलेला माल पुढची दोन वर्षं पेरता येतो, पण साल नाजूक असते, पोती आपटली असतील तर उगवण जाते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडा, दहा-दहाच्या दहा ओळी. वरून दुसरं ओलं गोणपाट, अलगद गुंडाळी, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उघडून तिलाच मोजू द्या. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलो पुरे, कमी निघाले तर त्या प्रमाणात वाढवा. साठाच्याही खाली गेले तर ते बियाणं बाजूला ठेवा आणि मला लगेच कळवा, तोवर पेरायला वेळ असेल.